गणित कुठं चुकलं, ते मुलालाच विचारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आपल्या वाचकांच्या पत्रांत गणितावर चार-दोन पत्रं येतातच. यंदाही आली. एका गृहस्थांनी मोबाइलला दोष दिला, दुसऱ्यांनी पाढे पाठ नसण्याला. तिसऱ्या पत्रात 'हल्लीची मुलं डोकंच चालवत नाहीत' असं वाक्य होतं. त्या वाक्यानं मला चार दिवस स्वस्थ बसू दिलं नाही, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात संध्याकाळी गल्लीतली मुलं वह्या घेऊन येतात. क्लास नाही, फी नाही. या आठ वर्षांत मी मुलांना शिकवलं त्याहून जास्त त्यांचं ऐकलं. नोकरीत असताना साठ-साठ मुलांच्या वर्गात ते जमलं नव्हतं. मुलं डोकं चालवतात हे मी खात्रीनं सांगते. फक्त आपण उत्तर बघतो आणि लाल फुली मारून मोकळे होतो.

मार्चमध्ये एक आई सहावीतल्या मुलीला घेऊन आली. ती डबे करून देते, सकाळी चार वाजता उठते. म्हणाली, "बाई, हिला क्लास लावू का? वर्षाचे अठरा हजार सांगितलेत." वही उघडली तर शाब्दिक उदाहरणं होती, दहापैकी आठांवर फुल्या. मी प्रत्येक बेरीज-वजाबाकी पुन्हा करून पाहिली. एकही आकडा चुकलेला नव्हता. हातचे बरोबर, मांडणी स्वच्छ. जे चुकलं होतं ते पेन्सिल कागदाला टेकायच्या आधीच चुकलं होतं.

त्यातलं एक उदाहरण असं: रमाकडे १२ पेढे आहेत. ते सुमाकडच्या पेढ्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर सुमाकडे किती पेढे? मुलीनं १७ लिहिले होते. मी विचारलं, "कसं काढलंस?" ती म्हणाली, "जास्त आलंय न्हवं बाई, म्हणून बेरीज." मी चिंचोक्यांचा डबा पुढं केला. म्हटलं, ही रमा, हिचे बारा मांड. आता सुमाला दे. तिनं उदाहरण पुन्हा वाचलं, ओठ हलवत, आणि सुमापुढं सात चिंचोके ठेवले. मी एक शब्द बोलले नव्हते. मग तिनंच वहीकडं बघितलं आणि म्हणाली, "मग ह्ये चूक हाय."

या मुलीला वजाबाकी येत होती, पाढे येत होते. 'पेक्षा' या शब्दानं काय होतं तेही तिला व्यवहारात नीट कळत होतं. पण वहीत ती उदाहरण वाचतच नव्हती, त्यात एक शब्द शोधत होती. ही सवय तिला कुणी लावली? आम्ही शिक्षकांनी. 'एकूण आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी, प्रत्येकी आलं की भागाकार' असा तक्ता मी स्वतः कार्डशीटवर लिहून वर्गात टांगला होता. घटक चाचणीत त्याचा उपयोगही व्हायचा, कारण चाचणीतली उदाहरणं आम्हीच त्या तक्त्याला जुळतील अशी काढायचो. अमेरिकेत मेरी हेगार्टी आणि रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी उदाहरण वाचताना विद्यार्थ्यांचे डोळे मजकुरावर कुठं कुठं परत जातात ते यंत्रानं पाहिलं. ज्यांचं चुकतं ते पुन्हा पुन्हा आकड्यांकडं आणि 'जास्त-कमी' अशा शब्दांकडं जातात. ज्यांचं बरोबर येतं ते कोणाकडं काय आहे, त्या नावांकडं परत जातात, म्हणजे आधी प्रसंग डोळ्यांपुढं उभा करतात. ही मुलगी चिंचोके मांडताना नेमकं तेच करत होती.

फ्रान्समध्ये ग्रनोबल इथं १९८० च्या सुमारास प्राथमिकच्या मुलांना एक विचित्र उदाहरण घातलं होतं: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी त्याच आकड्यांतून वय काढून दाखवलं. मी ते आपल्याकडं आणलं. एका गुऱ्हाळावर गुळाचे २६ मोठे रवे आणि १० लहान रवे आहेत, तर गूळ शिजवणाऱ्या गुळव्याचं वय किती? सोप्यातल्या बहुतेक मुलांनी ३६ लिहिलं. एका पाचवीतल्या पोराला विचारलं, बेरीजच का केलीस? त्याचं उत्तर मी तारीख घालून डायरीत लिहून ठेवलंय: "वजा केल्यावर सोळा येत्यात. सोळा वर्षांचं पोरगं गुळव्या कसं आसंल? म्हणून बेरीज केली."

संपादक महोदय, हा मुलगा डोकं चालवत नाही असं म्हणता येईल का? गुळव्याच्या हाताखाली काहिलीशी चार हंगाम काढल्याशिवाय कुणी गुळव्या होत नाही, हे त्याला माहीत आहे. दोन उत्तरांतलं पटणारं त्यानं निवडलं. बाईंनी घातलेलं उदाहरणच चुकीचं असेल, असं म्हणायची मुभा मात्र त्याला कधी मिळालेली नव्हती. शाळेतल्या प्रत्येक गणिताला उत्तर असतं, ते दिलेल्या आकड्यांतूनच येतं आणि दिलेले सगळे आकडे वापरायचे असतात, हे नियम कुठल्याच पुस्तकात छापलेले नाहीत. मुलं ते वर्षानुवर्षं बघून शिकतात.

असंच एक बसचं उदाहरण. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय चाचणीत विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील? भागाकार बहुतेकांना जमला, पण ३२ हे उत्तर साधारण चौघांतल्या एकानंच दिलं. बऱ्याच जणांनी '३१, बाकी १२' असं लिहून ठेवलं. मी सैनिकांऐवजी जोतिबाच्या चैत्र यात्रेचे भाविक घेतले. सातवीतल्या एका पोरानं लिहिलं, '३१ गाड्या, बाकी १२'. दरवर्षी घरच्यांबरोबर डोंगरावर जाणारा पोरगा. मी विचारलं, "ते बारा जण कुठं ऱ्हायले रे?" तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, गणितात आसं नसतंय."

हे वाक्य मी नोकरीतही अनेकदा ऐकलं असणार. तेव्हा त्याकडं लक्ष दिलं नाही.

करवीर तालुक्यातल्या एका गावचा आठवीतला मुलगा माझ्याकडं मामाबरोबर यायचा. घरी दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घालायचं काम त्याच्याकडं. फॅट किती लागली, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) किती, त्यावर दर काय बसतो आणि दहा दिवसांचं बिल किती व्हायला हवं, हे त्याच्या आजीला तोच सांगतो. मी विचारलं, साडेचार लिटर दूध, दर ५२ रुपये, किती झाले? डोळे मिटले न मिटले तोच म्हणाला, "चार लिटरचे दोनशे आठ, अर्ध्याचे सव्वीस, दोनशे चौतीस." मग कागदावर ४.५ गुणिले ५२ लिहून दिलं. त्यानं शांतपणे गुणाकार केला आणि लिहिलं २३४०. दशांश चिन्ह राहिलं होतं. मी म्हटलं, साडेचार लिटरचे दोन हजार तीनशे चाळीस रुपये? तुमच्या संस्थेला विचारून ये. तो म्हणाला, "बाई, ते दूध न्हवं, ते गणित हाय."

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात तीन संशोधकांनी बाजारात नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक होऊन विचारलेली गणितं मुलांनी शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर सोडवली. तीच गणितं, तेच आकडे, तीच मुलं. पण कागदावर नुसती बेरीज-गुणाकार म्हणून दिल्यावर शंभरात सदतीस. एका मुलाला दहा नारळांची किंमत विचारली, एक नारळ ३५ ला. त्यानं शेवटी शून्य लावलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, असं करत करत तो ३५० ला पोचला. माझा दूधवाला पोरगा अगदी याच वाटेनं जातो. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांबद्दल हेच 'नेचर' नियतकालिकात मांडलं, आणि त्यात उलट बाजूही दिसली: शाळेत वहीतली गणितं सोडवणारी मुलं बाजारातला हिशेब घातल्यावर अडकली. म्हणजे एका मुलाची एक बाजू लंगडी, दुसऱ्याची दुसरी. दोघांच्या मधली भिंत शाळेनं पाडायला हवी. मी ती ३१ वर्षांत फारशी पाडली नाही, हे मला इथं लिहायलाच हवं. मुलांच्या घरची गणितं मी वर्गात कधी विचारलीच नाहीत.

त्या मुलाला मी काही नवीन शिकवलं नाही. एवढंच सांगितलं की कागदावरच्या प्रत्येक दशांशाला आधी दूध समज, अंदाज कर आणि मग गुणाकार कर. ५ लिटरला २६० होतात, तर साडेचारला त्याच्या आतच यायला पाहिजेत. तीन आठवड्यांत त्याचं चिन्ह जाग्यावर यायला लागलं.

आता पाढ्यांकडं येते, नाहीतर पत्र लिहिणारे गृहस्थ म्हणतील की बाईंना पाढे नकोत. पाढे हवेतच. माझे वडील लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात दिवाणजी होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा) हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना मुखोद्गत. 'सात औटे साडेचोवीस' असं ते पोतं तोलताना म्हणायचे. पण ते आणखी एक करत. बेरीज मांडण्याआधी अंदाज बोलून दाखवत आणि झाल्यावर ताळा करत. रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाचं कुलूप लागत नसे. जॉर्ज पोल्या या गणितज्ञानं १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: समजून घे, बेत कर, बेत तडीला ने आणि मागं वळून बघ. ही चौथी पायरी वडिलांना कुणी शिकवली नव्हती, ती धंद्यानं लावली होती. आपण पाढे पोरांच्या पाठीशी लावले आणि ताळा मात्र सोडून दिला. माझ्याकडं येणाऱ्या वह्यांत उत्तराखाली दुहेरी रेघ असते, ताळा क्वचित असतो.

पाढ्यांचा खरा उपयोग काय, तेही सांगते. माणसाच्या डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवता येतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास असा आकडा सांगितला. नंतरच्या संशोधकांनी तो आणखी खाली, चारपर्यंत आणला. सात आठे छप्पन्न आपोआप आले तर ती जागा उदाहरण समजून घ्यायला मोकळी राहते. पण त्याच जागेत भीतीही बसते. मार्क अॅशक्राफ्ट यांच्या २००१ मधल्या प्रयोगांत दिसलं की गणिताची धास्ती असलेल्यांची हातचा धरून ठेवायची ताकदच आयत्या वेळी कमी होते. म्हणजे पाढे मारून पाठ करून घेतले तर पाढ्यांनी मोकळी केलेली जागा मारानं भरून टाकली. पालकांनी हे ध्यानात घ्यावं ही माझी कळकळीची विनंती आहे.

घाईचंही तसंच. पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असायचे, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्तीचा मोठा अभिमान आहे आणि गावोगावचे शिक्षक त्यासाठी पहाटे मुलं गोळा करतात, त्यांच्या कष्टांना मी नमस्कार करते. पण ७२ सेकंदांची सवय वर्षभर लावली की सहाव्या मिनिटाला सुटणारं गणित मुलगा दुसऱ्याच मिनिटाला सोडून देतो. 'मला येत नाही' असं म्हणतो. त्याला न येण्याची आणि वेळ लागण्याची गल्लत आपणच शिकवलेली असते.

वर्गातही आम्ही थांबत नाही. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात. हे मी निवृत्तीनंतर वाचलं आणि मला १९९६ मधला एक तास आठवला. आठवीचा वर्ग. फळ्यावर अवयव पाडायचे होते. मी मागच्या बाकावरच्या एका मुलाला उठवलं. तो फळ्याशी आला, खडू हातात घेतला आणि उभा राहिला. मी थांबले नाही. "बस खाली. दुसरं कोण?" म्हणाले. वर्ग हसला. पुन्हा तो कधी फळ्याशी आला नाही आणि मी शेऱ्यात लिहिलं, 'गणितात कच्चा'.

दोन वर्षांपूर्वी महाद्वार रोडवर तो भेटला. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, करतो. वाकून नमस्कार केला. मी कामाबद्दल विचारलं तर रस्त्यातच रंगून सांगायला लागला. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा घ्यायचा. साडेचारशेच्या जॉबला साडेचार वाढवायचे, वर मशिनिंगला वेगळं ठेवायचं. हे सगळं तो तोंडी करत होता. मग मी विचारलं, मुलगी कितवीत? सातवीत. तिचं गणित तूच घेत असशील. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "न्हाई बाई. तिनं 'पप्पा, ह्ये कसं' म्हटलं की मी उठून भाईर जातो."

मला त्या दिवशी बोलायला सुचलं नाही. तो हे दैनिक वाचत असेल तर त्याला सांगते: बाळा, तेव्हा तू चुकला नव्हतास. मी थांबायला हवं होतं.

भीती अशी घरात उतरते. सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की पहिली-दुसरीच्या ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती असते, त्यांच्या वर्गातल्या काही मुली वर्षाअखेरीला 'गणित मुलग्यांचं' असं मानायला लागतात आणि त्यांचेच गुण घसरतात. आपल्या घरात आई लेकीसमोर सहज म्हणते, 'मला पण गणित यायचं नाही.' प्रेमानं म्हणते, लेकीला धीर द्यायला म्हणते. पण लेक त्यातून वेगळंच उचलते. डबे करणाऱ्या त्या आईनंही माझ्यासमोर हेच म्हटलं. तिला मी विचारलं, चाळीस डब्यांना तांदूळ किती घेतेस? आणि बेचाळीस झाले तर? तिनं पटकन सांगितलं. मी म्हटलं, हे लेकीसमोर कर, मोठ्यानं कर.

भाषेचा मुद्दा राहिला, आणि तो आपल्या जिल्ह्याला फार जवळचा आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असंही वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत गेला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष, दिवंगत मंगला नारळीकर, शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात. त्या सगळ्या वादात मराठीच्या अस्मितेवर पुष्कळ बोललं गेलं, सहा-सात वर्षांच्या मुलाच्या वहीवर कुणी बोललं नाही. त्या वहीत काय असतं? 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहिलेले असतात, कारण कानाला तीन आधी येतो आणि लिहायचा असतो पाच आधी. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिलेले असतात, कारण साठ ऐकू आलं. एकोणनव्वद नीट बसलं की पुढं 'एकोणशंभर' असायला हवं, तर तिथं नव्व्याण्णव येतं. गडहिंग्लजकडची एक मुलगी माझ्याकडं मावशीच्या घरून यायची, घरी कन्नड बोलणारी. तिला म्हटलं, त्रेपन्न लिही, तिनं ३५ लिहिले. मग म्हटलं, ऐवत्तमूरु लिही. लगेच ५३. कन्नडमध्ये पन्नास आधी, तीन मागून. गणित तिचं पक्कंच होतं. रूढ नावं घालवा असं माझं म्हणणं नाही, ती आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण पहिली-दुसरीत दोन्ही तऱ्हा शेजारी ठेवल्या तर कुणाचं काय बिघडतं, हे मला आजही कळलेलं नाही.

सेमी-इंग्रजीत गेलेल्या मुलांचं याच्या वरताण होतं. 'लंब' पक्का कळलेला मुलगा 'परपेंडिक्युलर' वाचून गप्प बसतो. त्यावर मी वेगळं पत्र लिहीन.

आणि आता नदीचं सांगून थांबते, कारण मला जे म्हणायचंय ते मला तिथं सगळ्यात स्वच्छ दिसलं. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असते. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. मागच्या पावसाळ्यात मी गणित घातलं: काल पाणी ३८ फूट १० इंच होतं, आज ४१ फूट ४ इंच आहे, तर किती वाढलं? मुलांनी ४१.४ मधून ३८.१० वजा केले. दोघा-तिघांनी '३ फूट ३० इंच' लिहिलं आणि त्यात काही खटकलंही नाही. एक मुलगी होती, शुक्रवार पेठेतली, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा चार वर्षांची. तिचं घर त्या पाण्यात होतं. तिनं वजाबाकी मांडलीच नाही. बोटांवर म्हणाली, "अडतीस-दहापासनं एकोणचाळीसला दोन इंच, तिथनं एक्केचाळीसला दोन फूट, वर चार इंच. दोन फूट सहा इंच." मी विचारलं, तू असं कसं केलंस? ती म्हणाली, "आमी पायरी मोजतो, बाई. किती पायऱ्या ऱ्हायल्या त्ये बघतो."

मग तिनंच पुढचं केलं, मी विचारलं नव्हतं. धोक्याला एक फूट आठ इंच उरलेत, म्हणजे वीस इंच. तासाला इंचभर चढलं तर आता संध्याकाळचे सहा, उद्या दुपारी दोनला त्रेचाळीस होतील. "म्हणजे सकाळीच टीव्ही अन् धान्याचं पिंप माडीवर न्यायला पायजे." बाकीची पोरं वही सोडून तिच्याकडं बघत होती. त्यातल्या एकानं विचारलं, "अन् तासाला दोन इंच चढलं तर?" दहा मिनिटं त्या सोप्यात जे गणित चाललं, तसं माझ्या वर्गात मी फार थोड्या वेळा बघितलं.

त्या मुलीची प्रगतिपुस्तकात गणिताची श्रेणी 'क' आहे.

अठरा हजारांचा क्लास त्या दुसऱ्या मुलीच्या आईनं लावला नाही. रोज रात्री डब्यांची भांडी घासून झाल्यावर लेकीला एकच उदाहरण मोठ्यानं वाचायला लावते आणि विचारते, 'कसं काढलंस?' बरोबर आलं तरी विचारते. स्वतःला उत्तर येतं की नाही याची तिला चिंता नाही. मला वाटतं हे कुठल्याही घरात होऊ शकतं. शाळांच्या पालकसभेतही गुणांच्या यादीऐवजी मुलाची वही मध्ये ठेवावी आणि त्यातलं एक चुकलेलं उदाहरण मुलालाच सांगायला लावावं.

आपल्या दैनिकाकडं माझी एक मागणी आहे. यंदा पंचगंगेची पातळी रोज छापाल तेव्हा शेजारी कालची पातळीही फूट-इंचांत छापा. किती वाढलं किंवा किती उतरलं, ते मात्र छापू नका.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका
शिवाजी पेठ, कोल्हापूर